ओळ गाळायची न्हाय

मास्तर, तुमचं मी ऐकणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना उगाच आशा लावून बसू नका.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. त्याच्या चार दिवस आधी दवाखान्यात, सलाईन लावलेला हात उचलून तुम्ही मला म्हणालात, "गौरा, माझं झालं की ते सगळं भंगारात दे. लॅपटॉप पण दे, कॅसेटा पण दे. कुणाला दाखवत बसू नको." मी मान हलवली. तुम्ही तिला होकार समजलात आणि डोळे मिटून घेतलेत. होकार नव्हता तो. आजारी माणसाशी भांडू नये म्हणून हलवलेली मान होती. आपण तीसेक वर्षं भांडलो, एक दिवस मी गप्प बसले, तर तुम्ही लगेच त्याचा फायदा घेऊन निघून गेलात.

तर लॅपटॉप माझ्याकडे आहे. नव्या पेठेतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. कॅसेटा बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, वरच्या फळीवर. आणि तुमचा प्रोग्रॅम चालू आहे. काल एका गिऱ्हाइकानं मोबाइलची काच बदलून होईपर्यंत तो बघितला आणि विचारलं, "हे काय हाय ताई, जुना गेम?" मी म्हटलं, "आमच्या मास्तरांची चादर हाय." तो हसला. हसू दे.

तुम्ही चादरींची डिझाइनं काढायचात. चौकटीच्या कागदावर, एकेक चौकट शाईनं भरत. माझे अप्पा त्या कागदावरून कार्डं पंच करायचे. एक ओळ, एक कार्ड. जिथं तुमची भरलेली चौकट, तिथं अप्पांचं भोक. ती कार्डं दोऱ्यानं एकमेकांना शिवून मागाच्या डोक्यावर जेकार्डला चढवली की भोकं असतील तसे धागे उचलले जायचे आणि चादरीवर वेल उमटायची. एकाच कारखान्यात, एकाच खोलीत, समोरासमोरच्या दोन टेबलांवर तुम्ही दोघं बारा वर्षं बसलात. तुम्ही घरी तेलुगू बोलणारे, आम्ही कानडी. खोलीतला चहा आणि भांडणं मात्र मराठीतून.

मग तुम्ही तो कॉम्प्युटर आणलात. जाड कीबोर्डाएवढंच यंत्र, टीव्हीला जोडायचं आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरवरून चढवायचा. अख्खी गल्ली बघायला आली होती. काकू त्याला हळदीकुंकू लावायला निघाल्या तर तुम्ही ओरडलात, "अगं, कुंकू बटनात जातंय की!" काकूंनी मग त्याच्याखालच्या पाटाला लावलं. पाटावर कॉम्प्युटर, जमिनीवर मी. शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट तुमच्याकडे. तुमच्या पोराला त्यात गोडी नव्हती, अप्पांच्या पोरीला होती, म्हणून तुम्ही मला शिकवलंत. आज माझं दुकान त्याच्यावर उभं आहे. हे तुमच्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही चार दिवस मिरवलं असतं.

त्या यंत्रासाठी तुम्ही स्वतः प्रोग्रॅम लिहिलात. कागदावर चौकटी भरण्याऐवजी पडद्यावर भरायच्या. मग पूर्ण डिझाइन खालून वर, ओळीमागून ओळ उमटत जायचं, मागावर कापड विणलं जातं तसं, आणि वर सरकत पडद्याबाहेर जायचं. सगळं बघायला अकरा मिनिटं. तीच ओळ प्रिंटर छापायचा आणि तो छापील कागद बघून अप्पा पंच करायचे. यंत्राची आठवण एवढीशी, म्हणून डिझाइन कॅसेटवरून तुकड्यातुकड्यानं यायचं, एका वेळी चौसष्ट ओळी. चौसष्ट झाल्या की टेप फिरायची, खर्रर्र आवाज यायचा, टीव्हीचं चित्र जरा हलायचं आणि पुढचा तुकडा सुरू. मी तो खर्रर्र ऐकत गृहपाठ केलाय.

पहिलंच मोठं डिझाइन मागावर चढलं आणि फसलं. वेल दर थोड्या अंतरावर अडखळायची. जवळून बघितलं तर कळायचं नाही, चादर पसरली की लगेच दिसायचं. विणलेला माल परत आला. मालकानं खोलीत येऊन विचारलं, कुणाचं चुकलं? तुम्ही म्हणालात, "मशीन चुकत न्हाय, मालक. हात चुकतो."

त्या खोलीत हात एकाच माणसाचे होते.

अप्पांनी पंच टेबलावर ठेवला, टोपी घातली आणि घरी आले. परत गेले नाहीत. महिन्याभरात आई आणि ते वळसंगला शेतावर राहायला गेले, मला शाळेसाठी मावशीकडे ठेवलं. मी रागानं सांगितलं होतं की मास्तरांकडे आता पाऊल टाकणार नाही. अप्पा कानडीतून म्हणाले, "जा की. त्यांचं-माझं काय असंल ते असंल. शिकायचं का सोडायलीस?" म्हणून मी आले, मास्तर. तुम्हाला वाटलं असेल, पोरीला काही कळलेलं नाही. बारा वर्षांच्या पोरीला सगळं कळतं.

त्यानंतर तुम्हीही ते यंत्र गुंडाळून माळ्यावर टाकलंत आणि पुन्हा शाईकडे वळलात. कारखान्यात तुम्हाला 'टीव्हीवाले मास्तर' म्हणून चिडवायचे, ते तुम्ही हसून घ्यायचात. अप्पांचं नाव तुमच्या तोंडून मी तीस वर्षं ऐकलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही दुकानात आलात, हातात तो बिस्किटाचा डबा. "हे चालंल का?" एवढंच. यंत्र तर केव्हाच मेलं होतं, आतला पत्रा गंजून हातात येत होता. मी म्हटलं, यंत्र नको, त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम मिळतो, एम्युलेटर म्हणतात. नव्या मशीननं जुन्याचं सोंग घ्यायचं, मग जुना प्रोग्रॅम फसतो आणि आपल्या घरीच आहोत असं समजून चालतो. कॅसेटा मावशीच्या टेपरेकॉर्डरवर वाजवून मी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतल्या. पाचातल्या चार बुरशीनं गेल्या होत्या. एक वाचली. कोणती वाचली ते आपण दोघांनी लेबलावर वाचलं. फसलेलं तेच डिझाइन होतं.

लॅपटॉप मी तुम्हाला दिला तो एका कॉलेजनं टाकून दिलेला, सगळ्यात गरीब प्रोसेसरचा. चांगला देत होते, तुम्ही घेतला नाहीत. "त्या जुन्याचं डोकं ह्याच्या हजारावा हिस्सा पण नव्हतं. ह्याला जमत न्हाय म्हणजे काय?" मी समजावलं की सोंग घेणाऱ्याला दुप्पट मेहनत पडते, दुसऱ्याची प्रत्येक हालचाल आधी समजून घ्यायची आणि मग करायची. तुम्ही म्हणालात, "सोंगाला एवढा दम लागतोय व्हय?" आणि खरंच लागत होता. वेल चार ओळी नीट चालायची, मग थांबायची, मग एकदम सहा ओळी उडी मारायची.

दर रविवारी सकाळी मी तुमच्याकडे. खालून मागांची खटखट, वर तुमच्या खाटेवर आपण दोघं, मधे घडी घातलेली चादर आणि तिच्यावर लॅपटॉप. काय काय नाही केलं मी! आपोआप चालू होणारं सगळं बंद केलं. जड सिस्टीम काढून हलकी घातली. एम्युलेटरची नवी आवृत्ती फार काटेकोर होती, जुन्या मशीनचा ठोकान्‌ठोका मोजून नक्कल करायची. ती काढून जुनी, जरा ढिली आवृत्ती टाकली. जुन्या टीव्हीसारखं गोलसर, पट्ट्यापट्ट्यांचं चित्र दाखवायची हौस होती त्यात, ती मोडली. चित्र बरोबर दुप्पट ठेवलं, अडीचपट नाही, कारण अर्धी चौकट कुठं बसवायची ह्या विचारातच बिचारा दमायचा. आवाज तुटू नये म्हणून त्याचा थोडा साठा आधीच करून ठेवायला सांगितलं. तुमचं यंत्र सेकंदाला पन्नास चित्रं काढणारं आणि हा पडदा साठ दाखवणारा, त्या फरकानं वेल थरथरायची. पडदाही पन्नासवर आणला.

एवढं करून बरंच सुधारलं. तुम्ही एका रविवारी "बरं हाय" म्हणालात. तुमच्या तोंडचं बरं हाय म्हणजे काय ते ज्यांनी तुमच्या हाताखाली काम केलंय त्यांना विचारा. मी त्या दिवशी चालत घरी गेले, रिक्षा करायचं सुचलंच नाही.

पण चौसष्टाव्या ओळीला तो अडकायचाच. टेपचा आवाज, पुढचा तुकडा आणि चित्र, तिन्ही एकदम आलं की त्याला धाप लागायची. पडदा थिजायचा आणि मग पाचसहा ओळी एकदम. नेमकी तिथंच काय होतं ते दिसायचं नाही.

तेव्हा मी म्हटलं होतं, "मास्तर, दर चौथं चित्र गाळू या. सगळे असंच करतात. डोळ्याला कळत पण नाही. मशीनवरचा भार एकदम कमी होईल." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जशी मी देवघरात चपला घालून आले.

"ओळ गाळायची न्हाय."

"ओळ नाही हो, चित्र. चित्र गाळायचं."

"त्या चित्रात ओळ असती का न्हाय? मग? माझ्या हाताखाली जो धागा गाळंल त्याला मी उठवून बाहेर काढलाय. आता म्हातारपणी मीच गाळू?"

"मग वेग वाढवू. अकरा मिनिटांचं वीस सेकंदांत होईल."

"वीस सेकंदांत बघून काय दिसतंय? चादर विणताना बघायची असती. चूक विणताना दिसती, झाल्यावर फकस्त रडायला येतंय."

ह्या भांडणात आपण दोन उन्हाळे घालवले. मी गाळा म्हणायची, तुम्ही न्हाय म्हणायचात, काकू शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणून मधे ठेवायच्या. आणि दोघांनाही ठाऊक होतं की भांडण चित्रांचं नाही. चौसष्टाव्या ओळीला प्रोग्रॅम अडखळतोय की लॅपटॉप, एवढंच आपल्याला बघायचं होतं. लॅपटॉप अडखळत असेल तर प्रोग्रॅम बरोबर, आणि मग हात चुकला होता. प्रोग्रॅम अडखळत असेल तर माझे अप्पा तीस वर्षं उगाच वळसंगला बसलेत.

कुणी म्हणेल, एवढंच होतं तर दुकानातल्या चांगल्या मशीनवर बघायचं. बघता आलं असतं. एक एक चित्र थांबवून बघता आलं असतं. तुम्ही फाइल देत नव्हतात हे खरं, पण मला ती घेता आली नसती का? दर रविवारी लॅपटॉप माझ्याच हातात असायचा. मी घेतली नाही. मला ते चोरून बघायचं नव्हतं, तुमच्या शेजारी बसून बघायचं होतं, तुमचं तोंड दिसेल असं. कदाचित मला भीतीही वाटत होती. अप्पांचं चुकलेलं निघालं असतं तर मी काय केलं असतं?

ते राहिलं. तुम्ही दवाखान्यात गेलात, आणि तिथून भंगाराचा हुकूम सोडलात.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी काकूंकडे गेले. भेटायला माणसं येत होती, काकूंना तुमच्या खाटेवरची चादर काढून धुवायला टाकायची होती. त्यांनी लॅपटॉप माझ्या हातात दिला. "पाटावर ठेव गं तिकडं." तोच पाट, कडेला अजून कुंकवाचा तांबूस डाग. मी ठेवला. नीट बंद करावा म्हणून झाकण उघडलं तर तुमचा प्रोग्रॅम अर्धवट थांबवलेला. मी चालू केला. खरं सांगते, फक्त तो खर्रर्र ऐकायला चालू केला.

वेल सरळ निघाली, मास्तर. न थांबता. माझ्या तीन वर्षांत कधी बघितली नव्हती तशी, पाणी वाहावं तशी. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. चौसष्ट. खर्रर्र. पडदा थिजला नाही. आणि चौसष्टावी ओळ पुन्हा एकदा, स्वच्छ, दुसऱ्यांदा उमटली.

मी पुढच्या तुकड्यापर्यंत थांबले. तिथंही तेच. जुन्या तुकड्याची शेवटची ओळ नव्या तुकड्याची पहिली म्हणून पुन्हा यायची. एका आकड्याची चूक. मी माझ्या पहिल्या वर्षी केली होती, तुम्ही माझ्या डोक्यात टपली मारली होती. त्या काळी टेप फिरताना टीव्हीचं चित्र तसंही हलायचं, म्हणून तुम्हाला दिसली नाही. एवढं मी तुमच्या बाजूनं बोलते.

आधी मला हे सुचलंच नाही की आज लॅपटॉप एवढा नीट का चालतोय. मग खालून येणारा वारा हाताला लागला आणि मी कपाळावर हात मारला. चादर! तीन वर्षं आपण त्याला घडीच्या चादरीवर ठेवला. खालची हवा बंद. तापला की तो स्वतःला हळू करायचा, आणि मी सेटिंगं बदलत बसायची. मी, जी रोज दुकानात दहा गिऱ्हाइकांना सांगते, गादीवर ठेवू नका, उशीवर ठेवू नका, पंखा गुदमरतो. स्वतः त्याच चादरीवर मांडी घालून बसले होते. सोलापुरात चादर कुणाला दिसते? ती सगळ्याखाली असतेच. देवाखाली असते, बाळाखाली असते, पाहुण्याखाली असते. मला एवढं हसू आलं की काकू आतून बाहेर आल्या. सुतकाच्या घरात मी एकटी हसत होते आणि तुम्हाला सांगायला वळले तर खाट रिकामी.

मग रडले. ते असू दे.

काकूंना मी म्हटलं, "काकू, हा चादरीमुळे अडकत होता हो. पाटावर बघा कसा चालतोय."

काकू म्हणाल्या, "चालतंय की. मी म्हटलेलं त्यांना, पाटावरच ठेवा म्हणून."

"कधी?"

"गेल्या थंडीत. गादी उन्हात टाकलेली, तवा पाटावर ठेवून बसलेले. सगळं बघितलं, शेवटापत्तोर. मग लई वेळ तसेच बसले. चहा दिला, चहा पण घेतला न्हाय. दुसऱ्या दिवशी बघते तर परत चादरीवर. म्हटलं, आवो, पाटावर बरं चालतंय. तर म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं."

मास्तर.

म्हणजे थंडीपासून तुम्हाला माहीत होतं. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी मी तुमच्या शेजारी बसून मशीनला शिव्या घालत होते, नवं काहीतरी शोधून आणत होते, आणि तुम्ही चादरीची घडी सारखी करून तिच्यावर लॅपटॉप ठेवत होतात आणि म्हणत होतात, "अडकायलंय बघ अजून." तुमच्यासारख्या माणसाला हे शोभलं का? ज्यानं एक धागा गाळला म्हणून पोरांना बाहेर काढलं त्यानं अख्खी गोष्ट गाळावी? मी तुमच्यावर चिडले आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये असं म्हणतात, म्हणोत. तुम्ही जिवंत असतात तर मी तुमच्या दारात उभी राहून गल्ली गोळा केली असती.

आणि तरी, त्या सगळ्या रविवारी तुम्ही मनात काय धरून बसला असाल ते मला कळतं. त्या चहा न घेतलेल्या दुपारनंतर दोनच दिवसांनी तुम्ही मला फोन करून विचारलं होतं, "तुझे अप्पा बरे हायत का?" तीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, बरे आहेत, गुडघे दुखतात. तुम्ही म्हणालात, "वळसंगला बस किती वेळात जाती?" मी म्हटलं, येताय का? "न्हाय, आपलं विचारलं." फोन ठेवलात. तुम्ही स्टँडपर्यंत तरी गेला होतात का, मास्तर? काकूंना विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

तुमच्या श्रीनिवासला मी सांगितलं, दिवसकार्यासाठी घरी आला होता. तो पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, त्याला समजावायला दोन मिनिटं पुरली. तो म्हणाला, "गौराताई, आता काय उपयोग? बाबांनी सांगितलंय ना भंगारात द्या. त्यांची चूक त्यांच्याबरोबर गेली. लोकांत नाव कशाला?" चांगला मुलगा आहे, तुमच्यावर माया आहे त्याची. मी त्याला म्हटलं, "तुझ्या बाबांचं नाव तू सांभाळ. माझ्या अप्पांचं नाव मी सांभाळते. तेहतीस वर्षं ते कुणीच सांभाळलेलं नाही." मग त्यानंच लॅपटॉपची पिशवी शोधून दिली. चार्जरही आठवणीनं घातला.

गुरुवारी दुकान बंद ठेवून मी वळसंगला गेले. अप्पा ओसरीवर ज्वारी निवडत बसले होते. तुम्ही गेल्याचं त्यांना मी फोनवर कळवलं होतं, तेव्हा ते फक्त "हूं" म्हणाले होते आणि आई म्हणाली की त्या दिवशी जेवले नाहीत. मी पाट मागितला. पाटावर लॅपटॉप ठेवला, त्यांच्यासमोर. काय बघायचं ते सांगितलं नाही. चालू केला.

अप्पांची नजर आता अधू आहे, तरी बोट पडद्यापाशी नेऊन ते ओळी मोजायला लागले. कार्डं मोजायचे तसं, ओठ हलवत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, जे मला तुमच्या बाबतीत बघायला मिळालं नाही. खर्रर्र झालं. अप्पांचं बोट थांबलं.

"इल्ले," म्हणाले. इथंच.

मी म्हटलं, "अप्पा, मशीनची चूक होती. तुमचा हात चुकला नव्हता. मास्तरांना शेवटी कळलं होतं, पण त्यांना यायला जमलं नाही." मला वाटलं होतं, ते रडतील, नाही तर चिडतील, तुम्हाला चार शब्द सुनावतील. मी तयारीत होते. तेहतीस वर्षांचं होतं ते.

अप्पांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते लॅपटॉपकडे बघत होते. आमच्या घरात एकमेकांशी कानडीशिवाय कुणी बोलत नाही, तर अप्पा मराठीत बोलायला लागले. त्या दोन टेबलांच्या खोलीतल्या मराठीत.

"मास्तर, ती ओळ मला दिसलेली की."

मला काही कळेना.

"कागदावर दोन ओळी सारख्याच. दर चौसष्टला. पंच हातात धरून लई वेळ थांबलो बघा. म्हटलं, मास्तरांना विचारावं. परत म्हटलं, मशीननं काढलंय, मास्तरांनी तपासलंय, मी कोण विचारणार? मारलं भोक. तुमी मालकाला हात चुकला म्हणालात, तवा मी काय बोलणार व्हतो? हातानंच मारलेलं."

वेल वर सरकत होती. अप्पा तिच्याशी बोलत होते.

"विचारलं असतं तर वाचलो असतो की हो दोघंबी."

मास्तर, हा निरोप मी तुम्हाला पोचवते आहे. म्हणून हे सगळं लिहिलं. तुम्ही थंडीपासून एकट्यानं जे उराशी धरून बसलात आणि एकट्यानं घेऊन गेलात, त्यातलं अर्धं अप्पांचं होतं. त्यांना न विचारता तुम्ही ते सगळं नेलंत. एक बस पकडली असतीत, पाऊण तास, तर ओसरीवर बसून दोघांनी वाटून घेतलं असतं आणि वर आईनं चहा दिला असता. तुम्ही घेतला असता. मला तुमची हीच गोष्ट सोसत नाही, आणि ती मला सोसावी लागणार आहे.

भंगारात काही जाणार नाही. प्रोग्रॅममधली ती चूक काढायची म्हटली तर मला दहा मिनिटं पुरतील, एका आकड्याचं काम. मी काढणार नाही. श्रीनिवासनं परवा फोन करून विचारलं, "ताई, दुरुस्त केलंत का?" नाही म्हटलं. "बरं," म्हणाला, आणि वर, "मला पण एक कॉपी पाठवा."

अप्पा येत्या सोमवारी दुकानात येणार आहेत. गुडघे दुखतात तरी येणार म्हणतात. त्यांना अख्खं डिझाइन बघायचं आहे, अकराच्या अकरा मिनिटं, तुमच्या वेगानं. मी काउंटरसमोर त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. लॅपटॉप पाटावर आहे, काकूंनी तो पाट स्वतःहून दिला, कुंकवाच्या डागासकट. खालून हवा नीट खेळते. मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी पंख्यातली धूळ झटकते, मग तुमची वेल चालू करते. एकही ओळ गाळत नाही, मास्तर. चुकीचीसुद्धा.